टीईव्ही प्रोटिएज ई. कोलायमध्ये बनवताना: मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

"सर, कॉलममधून काहीच उतरलं नाही." प्रोटिएज, म्हणजे प्रोटीनची साखळी कापणारं एन्झाइम, ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवून कॉलमवर, म्हणजे ते पकडणाऱ्या रेझिनच्या नळीवर, शुद्ध करणाऱ्यांकडून मार्च-एप्रिल आला की हा फोन ठरलेला. मी उलट एकच विचारतो, "फ्लो-थ्रू ठेवलाय का?" पलीकडे शांतता. फ्लो-थ्रू, म्हणजे कॉलमला न चिकटता वाहून गेलेला द्रव, बेसिनमध्ये गेलेला असतो, पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला गोळा, ब्लीचमध्ये, आणि प्रोटीन नेमकं कुठल्या पायरीवर हरवलं हे शोधायला हातात काहीच उरलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम इथेच सांगून टाकतो: जेल (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून त्यांच्या पट्ट्या, म्हणजे बँड, दाखवणारी चाचणी) बघितल्याशिवाय काहीही फेकायचं नाही. दुसरी गोष्ट अशी की बॅच बिघडते ती बहुतेक वेळा कॉलमच्या आधीच, जुन्या प्लेटमुळे, तापलेल्या शेकरमुळे, शिळ्या स्टॉकमुळे. कॉलमवर ती फक्त उघडी पडते. त्यामुळे खाली तयारीला जरा जास्तच जागा दिली आहे. ती वाचायचा कंटाळा करून थेट टप्पा ४ वर जाऊ नका.

## कोणतं प्रोटिएज घ्यायचं

पहिल्यांदाच करत असाल तर टीईव्ही घ्या, म्हणजे टोबॅको एच व्हायरस या वनस्पतींच्या विषाणूचं प्रोटिएज. हे सिस्टीन प्रोटिएज आहे. हिस्टिडिन ४६, अ‍ॅस्पार्टेट ८१ आणि सिस्टीन १५१ या तिघांवर त्याचं काम चालतं. ई-एन-एल-वाय-एफ-क्यू या सहा अमिनो आम्लांनंतर जी किंवा एस आलं, तर क्यूच्या पुढे ते साखळी कापतं. इतकी लांब खूण सहसा दुसऱ्या प्रोटीनमध्ये सापडत नाही, म्हणून ते बॅक्टेरियाच्या पेशीत शांतपणे राहतं आणि बाहेर काढल्यावर हवं तिथेच कापतं. शिवाय प्रोजेक्ट संपल्यावर विभागात कोणाला ना कोणाला टॅग (प्रोटीन पकडायला जोडलेली शेपटी) कापायला ते लागतंच.

मूळ टीईव्ही स्वतःलाच २१८-२१९ च्या जागी कापून घेतं आणि उरलेला तुकडा कमी कामाचा होतो. म्हणून एस२१९व्ही हा बदल (२१९ व्या जागी सिरीनऐवजी व्हॅलिन) असलेलीच आवृत्ती मागवा. खाली जी रचना गृहीत धरली आहे ती अशी: सुरुवातीला एमबीपी (माल्टोज बांधणारं प्रोटीन), मग टीईव्हीचीच कापायची खूण, मग सात हिस्टिडिनचा टॅग, मग प्रोटिएज, शेवटी पाच आर्जिनिन. एमबीपीमुळे प्रोटीन विरघळलेलं राहतं. पेशीच्या आतच प्रोटिएज ती खूण कापून एमबीपीपासून सुटं होतं. हिस-टॅग प्रोटिएजच्या बाजूला असल्यामुळे निकेलच्या कॉलमला तेच चिकटतं आणि एमबीपी वाहून जातं. हे डोक्यात पक्कं बसू द्या, नाहीतर जेलवरचा ४२ किलोडाल्टनचा (प्रोटीनच्या वजनाचं एकक) एमबीपीचा जाड बँड बघून तुम्ही भलत्याच आनंदात पडाल.

सूचना. इथे विषाणू कुठेच नाही, फक्त एक जीन आहे. तरीही हे रिकॉम्बिनंट काम आहे. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवा, प्लास्मिड (जीन असलेलं डीएनएचं वर्तुळ) रीतसर करारावर मागवा, आणि वापरलेलं कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय नालीत सोडू नका.

## टप्पा १: तयारी, निदान दोन दिवस आधी

तापमान. प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २०-२५ अंश असतात. एप्रिलात परभणी-नांदेडकडे दुपारी खोलीत ३८ सहज असतं. या दोन खोल्या वेगळ्या आहेत. टीईव्हीला ३७ च्या वर ठेवलं की त्याचं काम मंदावतं आणि ते गढूळ होऊ लागतं. प्रोटोकॉलमध्ये जिथे जिथे 'रूम टेम्परेचर' असेल तिथे पेन्सिलीने ठरावीक आकडा लिहा.

याचाच दुसरा भाग शेकर. आपल्याकडच्या बऱ्याच शेकरना फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. डायल ३० वर फिरवला म्हणून खोली ३८ ची असताना आतलं तापमान ३० होणार नाही. डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका. पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून तासाभराने वाचा. तापमान उतरत नसेल तर दोन मार्ग आहेत. एसीच्या खोलीत शेकर हलवा, किंवा इंडक्शन, म्हणजे पेशींना प्रोटीन बनवायला लावणं, रात्री उशिरा नाहीतर पहाटे लावा. आमच्याकडे एका मुलीने सलग तीन बॅच दुपारी लावल्या आणि तिन्ही वेळा प्रोटीन पेलेटमध्येच बसलं. चौथी पहाटे साडेचारला लावली, बाकी काहीही न बदलता, आणि प्रोटीन सुपरनेटंटमध्ये, म्हणजे वरच्या स्वच्छ द्रवात, आलं.

लाईट. लाईट गेली की शेकर थांबतो आणि फ्लास्कच्या तळाशी पेशी गुदमरतात. दहा मिनिटांनी फार बिघडत नाही. तासभर थांबला तर ती बॅच वहीत वेगळी नोंदवा. महावितरणच्या देखभालीचा वार असेल त्या दिवशी इंडक्शन लावू नका. लाईट जाणार हे आधीच कळलं तर पेशी गोळा करून पेलेट डीप फ्रीजरमध्ये टाका. या कामात थांबायला सर्वांत सुरक्षित जागा तीच.

पाणी. बोअरचं पाणी कशातच नको, अगदी मीडियमलाही नको. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं आणि फॉस्फेट बफरमध्ये गेलं की पांढरा गाळ धरतो. पोरं त्याला प्रोटीनचा गाळ समजतात. काचेच्या डिस्टिलेशन युनिटचं थंड करायचं पाणी मात्र बादलीत धरा आणि भांडी घासायला वापरा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आणि तरी आपण नळी सरळ बेसिनमध्ये सोडतो.

स्टॉक. अ‍ॅम्पिसिलिन मिलीला १०० मिलिग्रॅम, पाण्यात, छोट्या नळ्यांत, उणे २० अंशांवर. क्लोरॅम्फेनिकॉल मिलीला ३० मिलिग्रॅम, इथेनॉलमध्ये. आयपीटीजी (इंडक्शन सुरू करणारं रसायन) १ मोलर, म्हणजे मिलीला २३८ मिलिग्रॅम. पीएमएसएफ आयसोप्रोपॅनॉलमध्ये, पाण्यात ते लवकर मोडतं, म्हणून बफरमध्ये अगदी शेवटच्या क्षणी टाकायचं. ते सिरीन प्रोटिएज बंद पाडतं, आपल्या सिस्टीनवाल्याला धक्का लावत नाही.

बफर. लायसिस (पेशी फोडायचा) बफर असा: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, २०० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल, २५ मिलिमोलर इमिडाझोल, पीएच ८.०. इल्यूशन (कॉलमवरून उतरवायचा) बफर तोच, पण इमिडाझोल २०० मिलिमोलर; हिस-टॅगची निकेलवरची पकड तेच सोडवतं. इमिडाझोल अल्कधर्मी असतं, त्यामुळे ते टाकल्यावर पीएच पुन्हा मोजून आम्लाने खाली आणावा लागतो. आधी पीएच लावून नंतर इमिडाझोल ओतलं तर बफर ९ च्या आसपास जातो, आणि वहीत मात्र ८.० लिहिलेलं राहतं.

तपासा. लायसिस आणि इल्यूशन बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी गेलेलं नाही ना? ईडीटीए कॉलममधलं निकेल उचलून नेतं आणि निळा रेझिन पांढरा पडतो. डीटीटीने तो तपकिरी होतो. बाजारातल्या तयार इनहिबिटर गोळ्यांत बऱ्याचदा ईडीटीए असतं. डबी नीट वाचा.

## टप्पा २: ताजी कॉलनी, मग छोटी चाचणी

प्लास्मिड बीएल२१(डीई३) या ई. कोलाय जातीच्या अशा पेशीत घाला जिच्यात दुर्मीळ कोडॉनसाठी जादा टीआरएनए असतात. क्लोरॅम्फेनिकॉल त्यासाठीच लागतं. प्लेटमध्ये दोन्ही औषधं: अ‍ॅम्पिसिलिन मिलीला १०० मायक्रोग्रॅम, क्लोरॅम्फेनिकॉल ३०.

महिनाभर फ्रीजमध्ये पडलेली प्लेट वापरू नका. अ‍ॅम्पिसिलिन मोडतं आणि मोठ्या कॉलनीभोवती बारीक-बारीक उपकॉलन्या उगवतात. त्यांच्यात प्लास्मिड नसतं. तार फिरवताना त्यातली एक जरी उचलली गेली तरी उद्याचा दिवस वाया. प्लेट सोळा तासांवर काढून फ्रीजमध्ये ठेवली की हा त्रास निम्मा कमी होतो.

आता सगळे टाळतात ती पायरी. थेट लिटरभर कल्चर लावायचं नाही. चार वेगवेगळ्या कॉलन्या चार नळ्यांत, प्रत्येकी ५ मिली, इंडक्शनसकट वाढवा. पेशी फोडून सुपरनेटंट आणि पेलेट वेगवेगळे जेलवर चालवा. एक दिवस जातो खरा, पण ज्या कॉलनीतून २८ किलोडाल्टनचा बँड सुपरनेटंटमध्ये स्वच्छ दिसतो तीच घेऊन पुढे जायचं आणि तिचाच ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेवायचा. शेतकरी पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे भिजवून किती उगवतात ते मोजतो, तसंच हे.

तपासा. चारही नळ्यांत बँड पेलेटमध्ये असेल तर कॉलनीचा दोष नाही, तापमानाचा आहे. टप्पा १ कडे परत जा.

## टप्पा ३: मुख्य कल्चर आणि इंडक्शन

१. संध्याकाळी १० मिली एलबी मीडियममध्ये ठरलेली कॉलनी टाका. बारा-चौदा तास, ३७ अंश. त्याहून जास्त ताणू नका.

२. सकाळी १ लिटरच्या फ्लास्कमध्ये २५० मिली एलबी, त्यात २.५ मिली रात्रीचं कल्चर. फ्लास्क एक चतुर्थांशच भरायचा. जागा वाचवायला ६०० मिली भरणारे असतात. हवा न मिळाल्यामुळे त्यांच्या पेशी वाढतही नाहीत आणि प्रोटीनही देत नाहीत.

३. ओडी ६०० (६०० नॅनोमीटरला कल्चरचा गढूळपणा) दर अर्ध्या तासाने मोजा. ०.५ ते ०.६ ला थांबा. मीडियमनेच ब्लँक घ्या, पाण्याने नाही.

४. फ्लास्क बर्फाच्या पाण्यात काही मिनिटं फिरवून ३० अंशांवर आणा. आयपीटीजी टाकण्याआधी १ मिली नमुना बाजूला काढा.

५. २५० मायक्रोलिटर आयपीटीजी टाका, म्हणजे १ मिलिमोलर. ३० अंश, चार तास.

६. शेवटी पुन्हा १ मिली नमुना आणि ओडी.

इंडक्शनआधीचा आणि नंतरचा नमुना जेलवर शेजारी-शेजारी बसवताना एक चूक हमखास होते. दोन्ही पेलेट सारख्याच ५० मायक्रोलिटर डायमध्ये घोळतात. नंतरच्या नमुन्यात पेशीच पाचपट असतात, म्हणून सगळेच बँड जाड दिसतात आणि 'एक्स्प्रेशन छान आलं' असं वहीत चढतं. १ मिली कल्चरच्या पेलेटला ओडीच्या प्रत्येक एककामागे १०० मायक्रोलिटर डाय घ्या. ओडी ०.५ असेल तर ५०, २.५ असेल तर २५०. मग दोन्हींचे १० मायक्रोलिटर खरोखर तुलना करण्याजोगे होतात. आणि ओडी ०.८ च्या वर गेला की कल्चर मीडियमने पातळ करूनच वाचा. पुढे यंत्र कमी सांगतं.

७. ५,००० जी ला १५ मिनिटं, ४ अंश. इथे जी आणि आरपीएम यांची गल्लत होते. जी म्हणजे १.११८ गुणिले १०⁻⁵, गुणिले रोटरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटीमीटरच्या रोटरला ५,००० जी साठी सुमारे ६,७०० आरपीएम लागतात, ८ सेंटीमीटरला सुमारे ७,५००. आपल्या रोटरचा आकडा कागदावर काढून सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर चिकटवून ठेवा. पुढच्या बॅचची पोरं दुवा देतील.

पेलेटचं वजन करा आणि उणे ८० ला ठेवा, किंवा लगेच पुढे जा.

## टप्पा ४: पेशी फोडणं

ग्रॅमभर पेलेटला १० मिली थंड लायसिस बफर. गुठळ्या राहू देऊ नका. पिपेटने अलगद वर-खाली करत पिठल्यासारखं एकजीव होऊ द्या. पीएमएसएफ आता टाका, १ मिलिमोलर.

सोनिकेशन बर्फ-मिठाच्या बादलीत: १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, चालू वेळ एकूण तीन ते पाच मिनिटं. बर्फाच्या कारखान्यातली लादी आणली असेल तर ती फोडून बारीक करा, नुसत्या मोठ्या खड्यांत नळी टेकवून उपयोग नाही. प्रोबचं टोक द्रवाच्या मध्यात ठेवा. वर आलं की फेस होतो, आणि फेसात गेलेलं प्रोटीन परत येत नाही. मध्येच नळीला हात लावून बघा. कोमट लागली तर थांबा.

तपासा. पिपेटच्या टोकावरून थेंब तारेसारखा ओढला जातोय? मग डीएनए अजून अखंड आहे. थेंब पाण्यासारखा तुटून पडेपर्यंत चालू ठेवा. इथे ५० मायक्रोलिटर 'एकूण' नमुना काढा.

आता ५ टक्क्यांचं पॉलिइथिलिनइमिन, पीएच ८ ला आणलेलं, १० मिलीमागे २०० मायक्रोलिटर, म्हणजे शेवटी ०.१ टक्का. लगेच पांढरं दाट होईल. घाबरायचं कारण नाही, ती न्यूक्लिक आम्लं आहेत. ही पायरी गाळली तर ती प्रोटीनसोबत कॉलमवर जातात, कॉलम तुंबतो आणि पुढे २८० नॅनोमीटरला प्रोटीनचं मोजमाप फसवं येतं. १५,००० जी, ३० मिनिटं, ४ अंश. सुपरनेटंट वेगळा, पेलेट वेगळा, दोन्हींतून नमुना. पेलेटचा नमुना त्याच आकारमानाच्या बफरमध्ये घोळून घ्या, नाहीतर तुलना पुन्हा चुकते.

## टप्पा ५: निकेल कॉलम

इथे सांगण्यासारखं कमी आहे, कारण आधीचं नीट झालं असेल तर हा टप्पा तासाभरात उरकतो.

एक मिली निकेल-एनटीए रेझिन, लायसिस बफरने दहा मिली धुऊन घ्या. सुपरनेटंट सावकाश सोडा. फ्लो-थ्रू बाटलीत. मग २० मिली लायसिस बफरने धुवा. थेंबात ब्रॅडफर्ड या प्रोटीन दाखवणाऱ्या द्रावणाचा रंग तपकिरी राहिला, निळा होईना, की थांबा. मग इल्यूशन बफर, एक-एक मिली पाच वेळा, पाच वेगळ्या नळ्यांत. बहुतेक प्रोटीन दुसऱ्या-तिसऱ्या नळीत असतं.

प्रत्येक नळीत लगेच ईडीटीए २ मिलिमोलर आणि डीटीटी ५ मिलिमोलर टाका. हाच क्रम पाळा, आधी ईडीटीए, मग डीटीटी. कॉलमवर जे नको होतं तेच आता हवं आहे. प्रोटीनसोबत थोडं निकेल उतरतंच, आणि सिस्टीनवर चालणाऱ्या एन्झाइमला ते आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही वैरी. 'उद्या सकाळी टाकू' म्हणून ठेवलेल्या नळ्या मी गढूळ झालेल्या पाहिल्या आहेत.

सूचना. निकेलचं धुवण वेगळ्या कॅनमध्ये, नालीत नाही.

आता १२ टक्क्यांचं जेल. क्रम असा: मार्कर, इंडक्शनआधी, इंडक्शननंतर, एकूण, पेलेट, सुपरनेटंट, फ्लो-थ्रू, वॉश, मग इल्यूशनच्या नळ्या. वाचायचं कसं ते सांगतो.

७० किलोडाल्टनला जाड बँड म्हणजे एमबीपी अजून जोडलेलंच आहे: प्रोटिएज घडलं पण कामाचं नाही, किंवा वेळ कमी पडला. ४२ ला बँड सुपरनेटंटमध्ये आणि फ्लो-थ्रूमध्ये हवाच. तो एमबीपी आहे, इल्यूशनमध्ये नको. २८ हा आपला. २५ च्या आसपास शेजारी दुसरा दिसला तर स्वतःला कापून घेतलेलं प्रोटिएज समजा, आणि मग एस२१९व्ही ऐवजी मूळ आवृत्ती तर हातात आलेली नाही ना, हे सिक्वेन्स करून बघा.

२८ चा बँड फ्लो-थ्रूमध्ये भरभरून आणि इल्यूशनमध्ये शून्य असेल, तर रेझिनचा रंग आणि बफरचा पीएच बघा. प्रोटीन बाटलीत शाबूत आहे. रेझिन पुन्हा निकेलने भरा आणि तेच परत सोडा. बाटली का ठेवायला सांगितली, ते यासाठी.

## टप्पा ६: इमिडाझोल काढणं आणि साठवण

डायलिसिस ४ अंशांवर, रात्रभर, दोनदा बफर बदलून: २५ मिलिमोलर फॉस्फेट पीएच ८.०, १०० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल, २ मिलिमोलर ईडीटीए, ५ मिलिमोलर डीटीटी. टीईव्ही दाट झालं की गाळ धरतं, म्हणून मिलीला १ मिलिग्रॅमच्या आसपासच ठेवा. सकाळी पिशवीत धुरकटपणा दिसला तर सेंट्रिफ्यूज करून वरचंच मोजा.

मोजताना ब्लँक म्हणून डायलिसिसचाच बफर घ्या. इल्यूशनची नळी पाण्याच्या ब्लँकवर मोजणारे इमिडाझोलचं शोषण प्रोटीन म्हणून लिहितात. या प्रोटीनच्या मिलीला १ मिलिग्रॅम द्रावणाचं २८० चं वाचन साधारण १.१ येतं.

साठवणीला उणे ८० आणि द्रवरूप नायट्रोजन असेल तर ५० मायक्रोलिटरच्या नळ्या एकदम गोठवा. नायट्रोजन नाही म्हणून अडून बसू नका. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तो येत असतो, विभागप्रमुखांच्या पत्रावर लिटर-दोन लिटर मिळू शकतो. आणि जिथे फ्रीजरला दिवसातून दोनदा लाईटचा झटका बसतो तिथे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे २० ला ठेवणं जास्त शहाणपणाचं. ते द्रावण उणे २० ला गोठतच नाही, त्यामुळे गोठणं-वितळणं या फेऱ्यांतून प्रोटीन वाचतं.

## टप्पा ७: काम करतंय का, किती वेगाने

फ्लुओरिमीटर नसला तरी चालतं. एमबीपी आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) यांच्या मध्ये टीईव्हीची खूण असलेलं प्रोटीन सबस्ट्रेट म्हणून घ्या: ७० किलोडाल्टनचं एक, कापल्यावर ४२ आणि २७.

आणि इथे सापळा आहे. जीएफपी २७, टीईव्ही २८. जेलवर दोघं एकावर एक बसतात. एन्झाइम सढळ हाताने टाकलं, समजा सबस्ट्रेट पाचाला एन्झाइम एक, तर काहीही न कापता २८ ला बँड दिसतो आणि 'कापलं' असं वाटतं. म्हणून ४२ च्या बँडवरूनच निकाल द्या, आणि नुसत्या एन्झाइमची एक लेन चालवा.

एकूण १०० मायक्रोलिटर: ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ८.०, ०.५ मिलिमोलर ईडीटीए, १ मिलिमोलर डीटीटी, सबस्ट्रेट १०० मायक्रोग्रॅम, एन्झाइम १ मायक्रोग्रॅम. ३० अंशांचा वॉटर बाथ. ०, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना १२ मायक्रोलिटर काढून, आधीच डाय भरून ठेवलेल्या नळीत टाका आणि लगेच ९५ अंशांना पाच मिनिटं. नमुने गोळा करून शेवटी एकदम उकळू म्हटलं तर वेळेचा सगळा हिशेब गेला.

शून्य मिनिटाची नळी वेगळी बनवा: तिच्यात आधी सबस्ट्रेट आणि डाय, मग एन्झाइम. मिश्रण ढवळून, पिपेट शोधून, मग काढलेला नमुना शून्याचा नसतो, तो दीड मिनिटाचा असतो.

कंट्रोल चार हवेत: नुसतं सबस्ट्रेट १२० मिनिटं, नुसतं एन्झाइम, सबस्ट्रेट अधिक आयोडोअ‍ॅसिटामाइड लावलेलं एन्झाइम, आणि मिळालं तर सी१५१ए, म्हणजे सिस्टीन १५१ च्या जागी अ‍ॅलानिन असलेलं निष्क्रिय टीईव्ही. आयोडोअ‍ॅसिटामाइडला डीटीटी खाऊन टाकतं, म्हणून डीटीटीपेक्षा बरंच जास्त घ्या, आणि ते अंधारात, ताजं बनवा. पीएमएसएफने थांबत नाही पण आयोडोअ‍ॅसिटामाइडने थांबतं, हे दोन्ही दाखवलं की सिस्टीन प्रोटिएज असल्याचा मुद्दा परीक्षकासमोर आपोआप पक्का होतो.

जेलचा फोटो मोबाइलवर काढणार असाल तर ऑटो एक्स्पोजर बंद करा. काळाकुट्ट बँड इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजून काही अर्थ नाही, त्याची गणती आधीच थांबलेली असते.

'केएम' लिहिण्याआधी. केएम म्हणजे वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सबस्ट्रेटची तीव्रता, केकॅट म्हणजे एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती कापतो तो आकडा. मिलीला १ मिलिग्रॅम असलेलं ७० किलोडाल्टनचं सबस्ट्रेट म्हणजे सुमारे १४ मायक्रोमोलर. पेप्टाइड सबस्ट्रेटवर एस२१९व्ही टीईव्हीचा केएम सुमारे ४० मायक्रोमोलर, आणि केकॅट सेकंदाला ०.२ च्या आसपास नोंदलेला आहे. तुम्ही केएमच्या बरंच खाली काम करताय. एका जेलवरून केएम काढता येत नाही. फार तर केकॅट भागिले केएम याचा अंदाज येतो. त्या आकड्यांवरून वरच्या मिश्रणात निम्मं सबस्ट्रेट दहा मिनिटांच्या आसपास कापलं जायला हवं. तुमच्याकडे तासभर लागत असेल तर तुमच्या एन्झाइमचा बराचसा भाग झोपलेला आहे, किंवा सबस्ट्रेटमधली खूण घडीत दडलेली आहे. खूण नीट उघडी असलेलं दुसरं सबस्ट्रेट वापरून आधी हा फरक ओळखा. खरा केएम हवाच असेल तर फ्लुओरिमीटर असलेल्या विद्यापीठात वेळ मागा, फ्लुओरोसंट पेप्टाइड पाच ते दोनशे मायक्रोमोलरमध्ये घ्या, आणि पहिले दहा टक्के कापले जाईपर्यंतचाच वेग मोजा.

## दुसरं प्रोटिएज घेण्याचा मोह झाला तर

कोरोनाविषाणूच्या मुख्य प्रोटिएजला सुरुवातीचं टोक अगदी नैसर्गिक लागतं. टॅग कापल्यावर तिथे दोन-चार अमिनो आम्लं जरी उरली तरी ते नीट जोडी करत नाही आणि काम घटतं. त्यामुळे टॅग मागे लावून कापण्याची रचना शोधा. डेंग्यूच्या एनएस३ ला एनएस२बी चा तुकडा सोबत दिल्याशिवाय ते धड घडतच नाही. एचआयव्हीचं प्रोटिएज ९९ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं. ते बहुतेक वेळा पेलेटमध्ये बसतं, युरियात विरघळवून पुन्हा घडवावं लागतं, आणि एमएससीच्या चार महिन्यांत ते होईल असं मी कोणाला सांगत नाही. या तिघांत कोरोनाचं त्यातल्या त्यात सोपं. पण टीईव्हीची एक बॅच आधी हाताखालून जाऊ द्या, आणि त्या बॅचच्या जेलचा फोटो, सगळ्या लेनची नावं लिहून, वहीत चिकटवलेला असू द्या. पुढच्या वर्षी फोन आला की मी पहिल्यांदा तोच मागणार आहे.